वाढीव नव्वद दिवस

बँकेने आमची डाळमिल दिवाळखोरीच्या कोर्टात नेली आणि माझ्या खुर्चीत कोर्टाने नेमलेले प्रशासक बसू लागले. मिल चालवायला घेणारा कुणी सापडेपर्यंत कुणीही जप्ती आणायची नाही, दावा लावायचा नाही, आतली वस्तू बाहेर न्यायची नाही, असा हुकूम निघाला. मुदत सहा महिन्यांची. लोक म्हणत, "बरं झालं, तुमाले संरक्षण भेटलं." मला मात्र एका जागी बसवत नव्हतं.

कारण खामगावचे एक मेकॅनिक काका. डाळीतले काळे दाणे वेचून काढणारं मशीन त्यांनी आम्हाला भाड्याने दिलं होतं, निव्वळ माझ्या शब्दावर. हुकुमामुळे आता त्यांचं मशीन त्यांनाच नेता येईना. ते दर आठवड्याला मोटारसायकलवर जानेफळला, आमच्या मिलवर, येत.

"भाऊ, माह्यं मशीन मले काऊन नेऊ देत नाही?"

"कोर्टाचा हुकूम आहे, काका."

"मशीन मी तुमाले देल्लं होतं. कोर्टाले नाही."



मुदत संपत आली तेव्हा जालन्याचा एक व्यापारी मिल घ्यायला तयार झाला, पण त्याला कागद तपासायला वेळ हवा होता. प्रशासकांनी मुदतवाढ मागितली. मिळाली नाही तर मिल भंगारात निघणार होती. सुनावणी मुंबईची, मोबाइलवर दिसणारी. नेमके त्याच दिवशी काका आले. मी त्यांना शेजारी बसवलं. एकाच पडद्याकडे बघत आम्ही दोघं उलट गोष्टी मागत होतो. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो.

आमचा नंबर आला आणि दोन मिनिटांत संपलासुद्धा. नव्वद दिवस वाढवून मिळाले. माझ्या तोंडून "सुटलो!" निघून गेलं, आणि लगेच लाज वाटली.

"म्हंजे अजून तीन महिने?" काका म्हणाले.

"हो."

"तवर उंदरं वायरी कुरतडतीन. साफ तरी करू द्या."

प्रशासकांनी परवानगी दिली. काकांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि झाकण उघडलं. मी नट खोलायचे पाने देत उभा राहिलो. 

वाढीव मुदतीतच व्यापाऱ्याचा प्रस्ताव मंजूर झाला. मी आता तिथेच पगारावर खरेदी बघतो. काकांनी मशीन नेलं नाही. नव्या मालकाशी करार केला, स्टॅम्पपेपरवर. सही करण्याआधी त्यांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला.