आठ किलोंची वजाबाकी

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून नंबर काढायचा आणि जुनाच नंबर घेऊन आलेल्यांना झापायचं, हे तिचं काम. झापणं पगारात धरलेलं नव्हतं, ते ती हौसेनं करायची.

घरात नवरा, सासूबाई आणि एक मुलगी. मुलीला बाप चिकटपट्टी म्हणे, कारण ती आईच्या अंगावरून सुटतच नसे. भांडी घासताना कमरेवर, फोनवर बोलताना खांद्यावर. खाली ठेवली की असा गळा काढायची, की शेजारी खिडकीत येत.

बाळंतपणात चढलेलं वजन उतरायचं नाव घेईना, तेव्हा चष्मेवालीनं ऑनलाइन डायरी सुरू केली. नाव ठेवलं 'हलकं होताना'. दर रविवारी काट्यावर उभं राहायचं आणि आकडा जगाला सांगायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ही डायरी तिला जिवापाड आवडायची. दिवसभरात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे ती कुणाचं नाक पुसत नव्हती.

अडचण एकच. चिकटपट्टी काट्यावरही खांद्यावरून उतरेना. मग चष्मेवालीनं युक्ती काढली. दोघींचं मिळून वजन करायचं आणि त्यातून मुलीचे आठ किलो वजा करायचे. डायरी सुरू केली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मुलीला तोललं होतं, तेव्हा आकडा अगदी पक्का होता.

तिनं साखर सोडली. लिफ्टकडे पाठ फिरवून जिने चढली. काकडी तर इतकी खाल्ली, की नुसता भाजीवाला दिसला तरी तोंड वाकडं व्हायचं. आणि वजन वाढतच गेलं! वाचणारे आधी धीर देत होते, मग हळूच चिमटे काढायला लागले. त्यातलं 'काकडीप्रेमी' नावाचं कुणीतरी सगळ्यांत खवट. "काकडी खाऊन कुणी फुगत नाही. कुठेतरी चुकतंय," अशी कमेंट दर रविवारी ठरलेली.

चष्मेवालीला स्वतःचाच संशय यायला लागला. आपण नकळत खातो की काय? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. वजन जास्त झालं की काहीतरी वाजलं पाहिजे, हा त्याचा धंद्याचा नियम. त्यानं बिस्किटांच्या डब्यालाच घंटा बांधली. पुढच्या सुट्टीला भरदुपारी घंटा वाजली. चष्मेवाली धावत गेली, तर स्वयंपाकघरात सासूबाई उभ्या, ओठांवर चुरा.

"डबा पुसत होते गं," त्या म्हणाल्या.

"आतून, आई?"

"आतूनच तर घाण होतो." खाई त्याला खवखवे. विषय बदलायला त्यांनी चिकटपट्टीला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "बाई गं, जड झालीय कार्टी! खांदा उतरला माझा."

सासूबाई थकल्या बिचाऱ्या, असं चष्मेवालीला वाटलं.

शेवटी एका रविवारी आकडा सुरुवातीपेक्षाही किलोभर जास्त निघाला. ती काट्यावरच रडली. चिकटपट्टीनं तिचं नाक पुसलं. मग तिनं लिहून टाकलं, "पुढच्या रविवारी उतरलं नाही, तर ही डायरी कायमची बंद." दर आठवड्याला जगासमोर खोटं पडायचं तरी किती? लोकांनी हळहळ व्यक्त केली. काकडीप्रेमीनं मात्र फटकारलं, "बंदबिंद काही नाही. आधी नीट मोजा."

त्याच आठवड्यात दुकानात एक आजोबा आले. हातात नंबराची पिवळी पडलेली चिठ्ठी.

"याच नंबराचा बनवा. पुन्हा तपासायचं कशाला?"

झालं, चष्मेवालीला आयतंच गिऱ्हाईक मिळालं. "अहो आजोबा, चिठ्ठीवरचा नंबर तिथेच बसून राहतो, माणूस थोडाच बसतो? तो बदलतो, वाढतो, दर वेळी नव्यानं मोजायला..."

तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायचा ती पगार घेत होती आणि स्वतःचं मुसळ घरी खांद्यावर बसून केस ओढत होतं.

"आठ किलो!" ती ओरडली.

"चष्मा?" आजोबा घाबरले.

रविवारी सासूबाईंनी चिकटपट्टीला घट्ट धरलं, नवऱ्यानं खुळखुळा वाजवला, शेजारी खिडकीत आले आणि चष्मेवाली पहिल्यांदा एकटी काट्यावर चढली. सुरुवातीपेक्षा दोन किलो कमी! मग मुलीला घेऊन चढली. मुलगी अकरा किलोंची भरली.

तिनं लिहिलं, "मी केव्हाची उतरतेय. पण पोर वाढत होती आणि तिचं वाढणं मी माझ्या नावावर लिहून रडत होते. माझ्या लेखी ती अजून आठ किलोंचीच होती. डायरी चालू राहील."

लगेच पहिली कमेंट आली. काकडीप्रेमीची. "तरी मी सांगत होते, जड झालीय कार्टी. खांदा उतरला माझा."

चष्मेवालीनं ती दोनदा वाचली. मग मान वर केली. स्वयंपाकघरात सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, फोन नाकाला टेकवून.

ती उठली, डब्याची घंटा सोडली आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या आई. आतून पुसा."