मोहफुलं संपल्यावरची टोपली

त्या उन्हाळ्यात मुर्री गावात एकच बातमी होती: दुधरामची बायको वच्छला छोट्या लाइनीच्या इंजनवाल्यावर भाळली. पुरावा पक्का होता. रोज फटफटायच्या सुमाराला ती टोपली कमरेवर घेऊन रेल्वे फाटकाकडं निघायची. ती फाटकाजवळ पोचायची आणि गोंदियाहून सुटलेली पहिली गाडी यायची, आणि इंजनवाला शिट्टी मारायचा. एक नाही, दोन. नंदाबाईनं त्या आपल्या कानांनी ऐकल्या होत्या. नंदाबाईच्या कानांवर आळीचा पुरा विश्वास होता; तिच्या तोंडावर नव्हता, ही गोष्ट वेगळी.

बातमी खोटी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फाटक आलं की इंजनवाला शिट्टी मारतोच. इंग्रज होते तेव्हा मारत होता, इंग्रज जाऊन पाच वर्षं झाली तरी मारत होता. त्या गाडीचा ड्रायव्हर पन्नाशी उलटलेला, डोळ्यांत कोळशाची कणी गेल्यासारखा सदा मिचमिचणारा गृहस्थ. त्याला वच्छला दिसत असेल तर सिग्नलचा खांब म्हणून. पण मुर्रीला हे सांगणार कोण, आणि सांगितलं तर मुर्री ऐकणार कशाला?

बातमी फिरत फिरत शेवटी जिथं पोचायची तिथं पोचली. वच्छलाच्या सासूपाशी.

शकुंतलाबाई विधवा बाई. दोन एकर धानाच्या बांध्या, एक म्हैस, आणि गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलणारा एकुलता एक दुधराम, एवढा तिचा संसार. दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर ती सारखाच संशय घ्यायची. भेदभाव तिच्या स्वभावातच नव्हता. पण नंदाबाईनं विहिरीवर शिट्टीची गोष्ट काढली तेव्हा शकुंतलाबाईनं हातातला दोर खाली टाकला. घागर उचलून सरळ घरी आली. आळीला तिथंच कळलं की आता काहीतरी होणार.

कारण त्या घरात आधीच एक गोष्ट टांगलेली होती. वच्छलाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा तिसरा महिना भरायच्या आत गेले. शकुंतलाबाईनं कसूर केली असंही नाही. तिच्या माहेरची रीत कडक होती: सुनेची पाळी चुकली की सून खाटेवर. पायथ्याच्या खुरांखाली विटा, उशाला कडुलिंबाचा डहाळा, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण खाटेवर, वेणी खाटेवर. पहिल्या खेपेला वच्छला एकोणीस दिवस अशी पडून राहिली, दुसऱ्या खेपेला सव्वीस. दोन्ही वेळा खाट तेवढी राहिली.

आता गोरेगावचा केवलराम, नात्यातलाच माणूस, येऊन बोलून गेला होता. त्याच्या भावाची पोरगी होती, चांगली हाडापेराची. पहिली बायको असताना दुसरी करायला तेव्हा या मुलखात कोणाची मनाई नव्हती. धानाची रोपं लावायचा रोवणा आटोपला की जबाब द्या, म्हणाला. शकुंतलाबाईनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, पण तेव्हापासून तिची झोप उडाली. सवत आणून वच्छलाला कोपऱ्यात बसवायचं तिच्याही जिवावर येत होतं. म्हणून विहिरीवर इंजनवाल्याचं नाव निघालं तेव्हा तिच्या मनात राग आला तो आलाच, पण रागाच्या मागून हळूच एक दिलासाही आला: सून वाईट चालीची निघाली तर जबाब द्यायला सोपं. असा विचार आपल्या मनात आला हे तिनं पुढं कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आळीनं ते आपल्या अकलेनं ओळखलं.

मग तिनं सुनेवर नजर ठेवली, आणि नजर ठेवल्यावर काय दिसत नाही?

पहिली गोष्ट, टोपली. चैत्रात पहाटे सगळ्याच बाया मोहफुलं वेचायला जातात, तेव्हा वच्छला गेली तर कोणी का म्हणावं? पण वैशाख निम्मा सरला, झाडाखाली फुलाचं नाव नाही, तरी टोपली निघालेलीच. विचारलं तर म्हणे सरपणाला जाते. यायची तेव्हा टोपलीत दोन काड्या. त्या काड्यांवर चहासुद्धा उकळला नसता.

दुसरी गोष्ट भिंतीवरची. धानाच्या कोठीमागं, जिथं कोणाचं लक्ष जात नाही, तिथं शकुंतलाबाई सुनेचे महिने मोजायची. सून बाहेर बसली की गेरूची उभी रेघ, मग रोज चुन्याचा एक ठिपका, पुढची रेघ येईपर्यंत. सहा वर्षांची भिंत होती ती. तिच्यात कधी सव्वीस ठिपके, कधी एकतीस, कधी एकोणतीस. बाईमाणसाचं अंग ते, कधी मागं, कधी पुढं. पण गेल्या दोन खेपा शकुंतलाबाईनं मोजून पाहिल्या, पुन्हा मोजल्या. अठ्ठावीस आणि अठ्ठावीस. इतकी वेळेवर तर छोट्या लाइनीची गाडीही येत नव्हती.

आणि बाहेर बसल्यावर सून काय करायची? विटाळाची म्हणून चुलीला शिवायचं नाही, पाणी भरायचं नाही, ओसरीवर निजायचं. म्हणजे चार दिवस शकुंतलाबाईनं चुलीपाशी भाजायचं आणि हिनं पहाटे दुप्पट वेळ गायब व्हायचं. शकुंतलाबाईनं दोन आणि दोन जोडले आणि उत्तर इंजनवाला आलं. ठरवून बाहेर बसते, मोकळी होते, आणि जाते त्याच्याकडं.

दुधरामला विचारलं तर तो भाकरीकडं बघत म्हणाला, मला काय माहीत. मिलमध्ये दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसाला घरात फार उचलायला सांगू नये, असं त्याचं मत होतं.

मिरग लागायला आठ दिवस होते. त्या पहाटे वच्छला टोपली घेऊन निघाली, आणि पन्नास पावलं मागं ठेवून शकुंतलाबाई निघाली. चपला हातात, पदर तोंडावर, पळसाच्या एका झुडपाआडून दुसऱ्या झुडपाआड. सून बांधावरून चालत होती, घाई नाही, रेंगाळणं नाही, जणू कोणी पावलं मोजून दिलीत. फाटकापर्यंत गेली. तिथल्या मोठ्या मोहाला हात लावला आणि परत फिरली. शंभर पावलं आली, पुन्हा फिरली. कोणाची वाट बघणाऱ्या बाईचं हे लक्षण नव्हतं. वाट बघणारी एका जागी उभी राहते, एवढं शकुंतलाबाईलाही ठाऊक होतं.

गाडी आली. दोन शिट्ट्या झाल्या. इंजनवाल्यानं मान वळवली नाही. वच्छलानं तर गाडीकडं पाठच केली, मोहाच्या बुंध्याला धरलं, आणि ओकली. पोटात काही नसताना जसं ओकतात तसं, नुसतं पिवळं पाणी. मग टोपलीतून एक कैरी काढून तिनं दातांनी सोलली.

शकुंतलाबाईनं नात्यातली चार बाळंतपणं काढलेली होती. तिला कोणी समजवून सांगायला नको होतं. ती तिथंच पळसाखाली बसली आणि बोटांवर मोजू लागली. अठ्ठावीस आणि अठ्ठावीस. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की सुनेनं ते दिवस अंगावरून नव्हे, कोठीमागच्या भिंतीवरून घेतले होते. सासूचेच ठिपके मोजून, ठरल्या दिवशी, काही नसताना ओसरीवर जाऊन बसली होती. दोन वेळा चार चार दिवस शकुंतलाबाईनं विटाळाच्या नावानं जो धूर खाल्ला तो फुकटच.

ती झुडपाआडून बाहेर आली तेव्हा वच्छला दचकली, पण पळाली नाही.

"किती झाले?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"तिसरा चालू हाय, मामी." सासूला ती मामी म्हणायची.

"आन् मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी खाट टाकली असती."

शकुंतलाबाईनं तिचा दंड धरला आणि घरी चल म्हणाली, आत्ताच्या आत्ता, एक पाऊलही जास्त टाकायचं नाही. वच्छला हलली नाही. सहा वर्षांत ती सासूच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. त्या पहाटे पहिल्यांदा गेली.

"दोनी खाटीवरच गेले, मामी. ह्याले चालू द्या."

हा गलका ऐकून फाटकापलीकडच्या झोपडीतून मंगली आली. मंगली गोंड सुईण, अर्ध्या मुर्रीची नाळ तिनं कापलेली. वच्छला दुसऱ्या खेपेनंतर तिच्याकडं रडत गेली होती आणि तिनंच चालायला सांगितलं होतं. शकुंतलाबाईनं तिच्यावर तोंड सोडलं. मंगलीनं ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की बाई, आंब्याच्या फांदीला दोरी बांधून कैरी गळायची थांबते का? जे गळायचं ते गळतं. त्यात खाटेचाही गुण नाही आणि पायांचाही दोष नाही. पण धडधाकट बाईला महिना महिना पाडून ठेवलं तर तिचं अंगही जातं आणि मनही. रोजचं काम करावं, सकाळी थंड्यात चालावं, दम लागला की बसावं. भरली घागर डोक्यावर घेऊ नये, उन्हात मरू नये. आणि लाल दिसलं तर मात्र मंगलीकडंही थांबू नये, गोंदियाच्या दवाखान्यात न्यावं. हे ती इतक्या सपाट आवाजात बोलली की शकुंतलाबाईनं सुनेचा दंड सोडला.

तरी संशय तो संशय. शकुंतलाबाईनं अट घातली: चालायचं तर चाल, पण मी मागं राहीन.

त्या दिवसापासून मुर्रीच्या बांधावर पहाटे दोन बाया दिसू लागल्या. पुढं वच्छला, दहा पावलं मागं सासू, तिची नजर सुनेच्या टाचांवर. सुनेनं बांध ओलांडताना पाय उंच टाकला की मागून खाकरणं. सून वाकली की मागून देवाचं नाव. पहिले चार दिवस शकुंतलाबाईला रोज वाटायचं की आज होणार, आत्ता होणार, आणि आपणच होऊ दिलं. एकोणिसावा दिवस गेला. सव्विसावा गेला. भिंतीवर आता ती ठिपके तेवढे काढत होती, रेघ नाही. नंदाबाईनं विहिरीवर नवी बातमी सोडली की आता म्हातारीलाही इंजनवाला लागतो, आणि ही बातमी पहिलीपेक्षा जास्त चालली.

रोवणा लागला. वच्छलाला बांधीत दिवसभर वाकायला सासूनं जाऊ दिलं नाही, पण धानाचं परं, म्हणजे रोपांच्या जुड्या, बांधून द्यायला, भाकरी पोचवायला ती बांधावर होती. तिसरा महिना भरला आणि चौथा लागला, तरी शकुंतलाबाईनं कोणाला सांगितलं नाही. आळीला मात्र वच्छलाच्या कमरेवरून कळलं.

रोवणा आटोपल्यावर केवलराम जबाब घ्यायला आला. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला, पोरीच्या हाडापेराचं पुन्हा कौतुक केलं. शकुंतलाबाईनं आतून वच्छलाला हाक मारली आणि पाहुण्याला चहा द्यायला सांगितला. वच्छला चहा घेऊन बाहेर आली, तशीच उभी राहिली, पदर न ओढता. केवलरामनं पाहिलं. कप बशीत ठेवला आणि पावसाबद्दल बोलू लागला. दुधराम दारात उभा राहून हसत होता. सहा वर्षांत तो इतका मोठ्यानं हसलेला कोणी ऐकला नव्हता.

मार्गशीर्षात मंगलीच्याच हातून पोरगी झाली, सावळी, लांब पायांची. नातू नाही म्हणून शकुंतलाबाईनं तोंड वाकडं करायचं ठरवलं होतं म्हणे, पण पोरीनं पहिल्या दिवशीच तिच्या पोटात अशी लाथ मारली की ती ठरवलेलं विसरली.

बारशाला आळी जमली. घुगऱ्या वाटून झाल्या आणि शकुंतलाबाई पाळण्याशेजारी पाय पसरून बसली. चार बाया ऐकायला मिळाल्यावर तिचं तोंड थांबणार थोडंच. ती सांगू लागली की खाट-बीट सगळं जुनं, त्यात काही अर्थ नाही, पोटुशी बाई चालती राहिली पाहिजे. "मीच चालवली हिले," ती म्हणाली. "रोज, पहाटेच्या पारी. मी नसती तं हे पोट्टी आज पाळण्यात नसती." नंदाबाई मान डोलवत होती आणि हे उद्या विहिरीवर कसं सांगायचं ते मनात जुळवत होती.

वच्छला भिंतीला टेकून पोरीचं लंगोट घडी करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुमी नाही चालवलं, मामी. तुमी माह्या मागं मागं चालल्या. तेबी चोर पकडाले."