कल्ला उचलून बघणारी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारच्या लॅबमध्ये बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. अर्नाळ्याची मासळीवाली, माझ्यासारखीच पाचव्या महिन्यातली. रिकामी पाटी पायाशी. तिच्या ट्रिपल मार्करच्या रिपोर्टमध्ये बाळाला डाऊन सिंड्रोमचा धोका जास्त दाखवला होता. सोबतची नणंद पुटपुटली, "आताच पाडून मोकळी हो."

तिने लॅबवालीला विचारलं, "रक्तावरनं हे नक्की कळतं?"

"नाही, अंदाज असतो. नक्की कळायला मुंबईला पोटातलं पाणी तपासतात."

"मग ते पानी तपासायचं," ती नणंदेला म्हणाली. "नुसत्या वासावर मी मासा फेकत नाय. कल्ला उचलून आतली लाली बघते." बोलताना तिचा अंगठा हवेतच कल्ला उचलत होता.

"आनि तसंच निघालं तर?"

"तर आतापासनं तयारीला लागू. त्याला जास्त हात लागतील. आपल्या घरात हात काय कमी हायेत?"

मुंबईचा पत्ता घेऊन, पाटी कमरेवर टेकवून ती जिना उतरली.

माझा रिपोर्टही तसाच होता. तो पर्समध्ये कोंबून, घरी 'सगळं ठीक आहे' सांगायचं मी ठरवलं होतं. मी उठले आणि लॅबवालीला म्हणाले, "तो पत्ता मलाही द्या."