प्रार्थनापत्रातली बेकरीवाली

मंगळवारी दुपारी पाळकीणबाई प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत शिरल्या आणि नळ बंद करावा तशी आतली बडबड थांबली. आठ बाया, आठ सुया, मांडीवर इस्पितळाच्या फाटक्या चादरी. कुणी मान वर केली नाही.

"काय गं, मौन धरलंय का आज?"

"बोलत बसलं की टाका चुकतो," औषधवाल्याची सून चादरीकडेच बघत म्हणाली.

सात वर्षांत बोलण्यामुळे एक टाका चुकला नव्हता. ज्या दिवशी गप्पा रंगत, त्या दिवशी चादरींचा ढीग दुप्पट होई. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यातून खिडकीखालची खुर्ची रिकामी. ती बेकरीवालीची.

सात वर्षांपूर्वी बाई समुद्र ओलांडून इथे आल्या तेव्हा थोरली चार वर्षांची होती, धाकटी पोटात. सेवेचं बोलावणं आलं होतं ते नवऱ्याला; पाळकाची बायको त्यात धरलेलीच असते. मायदेशी त्या परिचारिका होत्या. इथे त्यांचा दाखला चालेना. मग एक दिवस त्या इस्पितळाच्या धोबीखान्यात गेल्या, टाकून द्यायच्या चादरी मागून आणल्या आणि रफूवर्ग सुरू केला. भाषा धड येत नव्हती, पण ठिगळ कसं लावायचं हे हातांनी सांगता येतं. हळूहळू बाया आल्या, मग त्यांची गाऱ्हाणी आली. पाळकांच्या प्रवचनाला बारा माणसं, तर बाईंच्या चादरींना कधीकधी वीस. "तुझी मंडळी माझ्यापेक्षा मोठी," पाळक म्हणत. त्यात थट्टा अर्धीच असे.

वर्ग सुटल्यावर बाईंनी सुनेला दारात गाठलं. "बेकरीवाली आजारी आहे का?"

"आजारी कशाला पडेल? तिचा नवरा जहाजावर नाही, पुलापलीकडे दुसरीच्या घरात राहतो, हे आता गावभर झालंय. कुठल्या तोंडाने येईल?" सुनेने सुयांची डबी पिशवीत टाकली. "तिने म्हणे एकाच माणसाला सांगितलं होतं."

ते एक माणूस कोण, हे दोघींनाही माहीत होतं.

बाई घरी आल्या त्या पाय ओढत. बेकरीवालीने भट्टीमागे बसून, पदराने नाही तर पिठाच्या हाताने डोळे पुसत सांगितलेली ती गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती. पाळकांजवळही नाही. आली होती ती फक्त प्रार्थनापत्रात. दर महिन्याला ते पत्र मायदेशातल्या चर्चच्या मंडळ्यांना जाई; नाव पाळकांचं, हात बाईंचा. ज्यांनी आपल्याला इथवर पाठवलं त्यांनी प्रार्थना करायची ती कशासाठी, हे त्यांना कळायला नको? बाई नाव कधीच घालत नसत. 'बेकरी चालवणारी एक बहीण' एवढंच. शिवाय पत्र आपल्या भाषेत. इथे ते कोण वाचणार?

म्हणजे कुणीतरी टेबलाचा खण उघडून पत्राची प्रत पळवली, दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि परत ठेवली. घरात येणारं बाहेरचं माणूस एकच. झाडलोट करणाऱ्या मावशी.

त्या दिवसापासून बाईंचे कान मावशींच्या पावलांना चिकटले. केरसुणी थांबली की त्या स्वयंपाकघरातून डोकावत. मावशींनी मुलींना शाळेचं विचारलं तरी वाटे, ही काहीतरी काढून घेतेय. शेवटी त्यांनी रफूचा पांढरा दोरा खणाच्या फटीवर खळीने चिकटवला. दोन दिवसांनी तो तुटलेला दिसला.

"मावशी, हा खण कुणी उघडला?"

"उघडला कुणी नाही. फडकं मारताना दोरा अडकला, तोडला. का?"

"माझी पत्रं तुम्ही कुणाला दाखवता?"

मावशी आधी हसल्या. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं. "तुमची अक्षरं मला भिंतीवरच्या मुंग्यांसारखी दिसतात. मुंग्या उचलून मी कुणाला दाखवू?" त्यांनी तुटका दोरा चिमटीत धरला. "अस्सं. हा माझ्यासाठी लावला होता होय?"

फडकं घडी करून टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

थोरली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आई, मावशींनी नाही काही केलं."

"तुला काय माहीत?"

"रफूवर्गाचा फोटो काढला होता ना, तो सगळ्यांना बघायचा होता. औषधवाल्याच्या सुनेने फोनवर शोधला. आपल्या मिशनच्या पानावर तो होता, आणि खाली तुझं पत्र. फोन भाषा बदलून देतो, आई. शाळेत सगळ्यांनी वाचलं." ती खाली बघू लागली. "मला वाटलं, तुला माहीत असेल. तूच लिहिलंस ना?"

मायदेशातल्या मिशनच्या कचेरीला बाईंनीच लिहिलं होतं, फोटो अवश्य छापा म्हणून.

आधी त्या मावशींकडे गेल्या. मावशींनी दार उघडलं, माफी ऐकून घेतली, पण 'आत या' म्हणाल्या नाहीत. मग बाईंनी कचेरीला फोन लावून पत्र काढायला लावलं. रात्रीपर्यंत ते निघालंही. लोकांच्या डोक्यातून ते कसं काढणार?

बेकरीत फळीवर पाव रचलेले होते.

"पाव संपले," बेकरीवाली म्हणाली.

"पाव नकोत. मी चुकले. प्रार्थनेसाठी म्हणून लिहिलं होतं."

"प्रार्थना माझ्यासाठी, आणि मजा ऐकणाऱ्यांना?" तिने ओटा पुसणं थांबवलं नाही. "बारा वर्षं मी तो नवरा जहाजावर ठेवला होता, पाळकीणबाई. पोरीच्या सासरी हेच सांगितलंय. तुम्ही एका पत्रात त्याला किनाऱ्यावर आणलात. स्वतःचं काही लिहिता का हो कधी?"

सात वर्षांची पत्रं बाईंना आठवली. त्यांत सगळ्यांची दुखणी होती. स्वतःबद्दल एकच ओळ, दर महिन्याला तीच: आम्ही सर्व कुशल.

दोन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. या खेपेला हातात एक कागद होता, इथल्याच भाषेत, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेला. बेकरीवालीने तो उभ्याउभ्या वाचला, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचला.

'दोन वर्षं झाली,' त्यात होतं, 'मी डोळे मिटते, शब्द म्हणते, पण ऐकणारं कुणी आहे असं आता वाटत नाही. नवऱ्याला हे ठाऊक नाही. कळलं तर आम्हाला इथून जावं लागेल.'

"खरं आहे हे?" बेकरीवालीने डोळे बारीक केले. "का आमच्या पोटातलं आणखी काढायला नवा गळ टाकलाय?"

"खरं आहे."

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. दुसरी प्रतही नाही."

बेकरीवाली बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, नाणं खरं की खोटं पाहावं तशी. बाईंनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला.

"हा राहू दे माझ्याकडे. माझं तुझ्याकडे होतंच की."

मंगळवारी ती आली. खिडकीखाली बसली, सुईत दोरा ओवला, कुणाशी बोलली नाही. बाकीच्याही गप्पच होत्या, पण आल्या होत्या. मध्येच पाळक दारात डोकावले. "वा, खुर्च्या भरल्या सगळ्या! पुढच्या पत्रात लिहायला हवं."

नऊच्या नऊ सुया थांबल्या.

"नको," बाई म्हणाल्या. "या वर्गाबद्दल आता काही लिहायचं नाही."

"का बरं?" पाळक गोंधळले. मग हसून बेकरीवालीकडे वळले. "तुम्ही सांगा. काय झालंय हिला?"

बेकरीवालीचा एक हात ॲप्रनच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. तिने पाळकांकडे पाहिलं, मग बाईंकडे. हातातली चादर त्यांनी घट्ट धरून ठेवली.

"बायकांचं आहे, साहेब," बेकरीवाली सावकाश म्हणाली. "अजून ठरलं नाही माझं, सांगायचं की नाही."