मधलं छापलं नव्हतं

चौकटसरांना हलताना कोणी पाहिलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, म्हणून आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही आणि माझे डोळेही ठणठणीत आहेत. चालताना, जेवताना, सायकलवरून उतरताना सर चारचौघांसारखेच हलायचे. पण बोरगाव मेघेतल्या त्यांच्या अंगणात, कडुनिंबाखाली, ते कराटेच्या पवित्र्यात उभे राहिले की त्यांची मूठ कमरेशी दिसायची आणि मग एकदम माझ्या नाकासमोर दिसायची. मधला प्रवास दिसायचा नाही. लोक म्हणायचे, वेग आहे. वेगाचा वारा तरी लागतो. सरांच्या मुठीचा वारा लागत नसे.

"सर, मधलं काय होते? ते दाखवा नं," मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

"मधलं छापलंच नाई, तं मी काय दाखवू?" सर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

सर पुलगावला गिरणीत कामाला होते. तरुणपणी तिथल्या स्टेशनवर पुस्तकांच्या गाड्यावर त्यांना 'मौनवीर' नावाचं एक हिंदी कॉमिक मिळालं आणि त्यावरून ते कराटे शिकले. गुरू नाही, क्लास नाही, पट्टा नाही. एका चौकटीत मौनवीर हात उगारून उभा, पुढच्या चौकटीत शत्रू आडवा. सरांनी पहिली चौकट गिरवली, दुसरी गिरवली, आणि दोहोंच्या मधे जी पांढरी पट्टी असते ती तशीच सोडून दिली. निवृत्त होऊन बोरगावला घर बांधल्यावर ते गल्लीतल्या पोरींना फुकट शिकवू लागले. चौकटसर हे नाव आम्हा पोरींचंच. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मी कॉलेजात होते आणि मला एका माणसाला मारायचं होतं. कोणाला ते आता महत्त्वाचं नाही. त्याचं पोट सुटलंय आणि बाजारात दिसला की तो मला नमस्कार करतो. माझं डोकं मात्र तेव्हा फार तापलेलं असायचं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, लोखंडी पेटी उघडली आणि एक कॉमिक माझ्या हातात दिलं. "हे वाचून येजो. मंग हात उचलजो."

मौनवीर वाचायचा सरांचा एक ठरलेला क्रम होता आणि तो पाळल्याशिवाय ते कोणाला पुढचा पवित्रा शिकवत नसत. पहिला अंक कधीच पहिल्यांदा मिळायचा नाही, कारण त्यात मौनवीर जिंकतो. "जितनं सगळ्याईले पाह्यजे. तू आधी पडनं वाच," म्हणून ते आंब्याचा अंक काढायचे. त्यात मौनवीर आंब्याच्या झाडावरून कोसळतो, त्याचा डावा कान फांदीला अडकून फाटतो, आणि पडल्या जागीच तो जन्मभर न बोलण्याचा पण करतो. कान फाटल्यावर माणसाने बोलणं का सोडावं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण त्या दिवसापासून मौनवीराच्या तोंडापाशी एकदाही फुगा नाही. बाकी सगळे बडबडतात, तो फक्त ऐकतो, फाटक्या कानाने. आंबा झाला की मग पहिला अंक, मग पुराचे अंक, ज्यात तो छातीभर पाण्यात पाय रोवून उभा राहतो. आम्हीही हौदात तसं उभं राहून पाहिलं आणि सर्दी करून घेतली.

दिवाळीचा रंगीत विशेषांक मात्र पेटीच्या तळाशी उलटा घालून ठेवलेला असे. "त्यात तो उडते," सर तोंड वाकडं करून सांगायचे. "उडनाऱ्याचे पाय पाहून तू काय शिकशीन?" पुढे कॉमिकाची किंमत वाढली, कागद पातळ झाला, मौनवीर जरा अंगाने भरला. ते अंक देताना सर म्हणायचे, "इथून याचं लगन झालं असं समजजो. दिसते नं सुखी?" ही माहिती कुठल्याही अंकात नव्हती. मला वाटतं, त्याच सुमारास सरांचं लग्न झालं असावं.

सगळ्यात शेवटी गुहेचा अंक. शत्रू चहूबाजूंनी येतात, मौनवीर गुहेत शिरतो आणि 'अचल' नावाचा पवित्रा घेतो. श्वास आत ओढतो, इतका आत, की शत्रूला तो दगड वाटतो. ते त्याच्या अंगाला टेकून विडी ओढतात आणि निघून जातात. शेवटच्या चौकटीत गुहा रिकामी आहे आणि मौनवीर तसाच उभा आहे. खाली लिहिलंय, 'शेष अगले अंक में'. हा अगला अंक पुलगावला आलाच नाही. सर दर महिन्याला स्टेशनवर जाऊन विचारायचे. मग गाडाच उठला. मौनवीर दगड कसा झाला हे सरांना तोंडपाठ होतं, पण दगडाचा परत माणूस कसा झाला हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि तरीही ते 'अचल' करायचे. भर दुपारी, अंगणात. बोरगावची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंही नसतं. सर डोळे अर्धे मिटून उभे राहायचे आणि थोड्या वेळाने अंगणात कोणी नाही असं वाटू लागायचं. ते समोर दिसत असायचे, तरी वाटायचं. होला पक्षी येऊन त्यांच्या खांद्यावर बसायचा आणि बिनघोर मान खाजवायचा. छाती हलत नसे. एकदा एका पोरीने त्यांच्या कानाशी ताट वाजवलं. होला उडाला, सर नाही.

मग स्वयंपाकघरातून काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, हाक यायची. "अजी, चहा झाला. या आता."

सर ओसरीवरच्या खाटेवर असायचे, कप हातात. झाडापासून खाटेपर्यंत येताना त्यांना मी पाहिलेलं नाही. काकू गवती चहा घालून चहा करायच्या. न्हाणीच्या पाण्यावर त्यांनी त्याचं बेट वाढवलं होतं. मी एकदा विचारलं, "काकू, सर जातात कुठे?"

"कोठी जातेत कोन जाने बाई. पन चहाले येतेत," काकू म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पह्यले एका हाकेत येत. आता चहा दुसऱ्यांदा गरम करा लागते."

पुढे माझी बी.ए. झाली, नोकरी लागली, शाळेत मी खेळाची बाई झाले. रविवारी सरांकडे जाणं सुटलं नाही. गेल्या काही वर्षांत काकूंचं दुखणं सुरू झालं आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या. एकदा दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशी बसले होते. सर औषधं आणायला खाली गेले होते. काकूंनी माझं मनगट धरलं. त्या अंगात ताकद उरली नव्हती, तरी मनगट दुखलं.

"पोरी, तो पुढचा अंक शोध. त्यात लिवलं असन तो वापस कसा आला ते. मी गेल्यावर याईले कोन बोलावन?"

मी म्हटलं, "काकू, असं नका बोलू."

"मंग काय बोलू? हे आयकतेत का माह्यं? हात जोडले, का ते करू नोका. म्हंतेत, तू हायेस नं."

मी तो अंक शोधायला लागले. नागपूरच्या फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग उपसले, मोबाइलवर कॉमिकवेड्यांच्या गटांत शिरले. मोठमोठी टक्कल पडलेली माणसं तिथे एकमेकांशी मौनवीराच्या कमरपट्ट्यावरून भांडत होती. पण गुहेनंतरचा अंक कोणाकडे नव्हता. शेवटी तो मिळाला आर्वीला, डेपोजवळच्या एका रद्दीच्या दुकानात, बालभारतीच्या गठ्ठ्यात. मी तिथे उभ्या उभ्याच उघडला. पहिल्या चौकटीत मौनवीर बाजारातून चालला होता, ऊन पडलं होतं, आणि वर लिहिलं होतं, 'गुफा से लौटकर...'. एवढंच. पानं उलटसुलट केली. परत कसा आला, ते कोणी काढलंच नव्हतं. एस.टी.त बसून मी रडले, रागाने.

काकू तेव्हा घरी आल्या होत्या. सरांनी चष्मा लावून ती पहिली चौकट पाहिली. फार वेळ पाहिली. मग माझ्यापुढे धरली. "याचे कान पाह्य."

दोन्ही कान धड होते.

"चित्रकार बदलला असेल, सर. विसरला असेल."

"हा तो नाई," सर म्हणाले. आवाज अगदी साधा, जसं कोणी भाजी शिळी आहे म्हणावं. "तो अजून गुहेतच उभा हाये, पोरी. याईनं दुसऱ्यालेच त्याचे कपडे घालून रस्त्यावर आनलं, अन् कोनाले समजलं नाई. त्याले येता कसं येईन? त्याले बोलावनारं कोनी नव्हतं."

मला बाहेर पन्नास पावलांवरचा रस्ता एकदम लांब गेल्यासारखा वाटला. खाटेवरून काकू म्हणाल्या, "मंग तुमी कसे येता?"

"तू बोलावतेस म्हनून," सर म्हणाले. आणि बोलल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांनी अंक मिटला. काकूंच्या पायाला हात लावून त्यांनी 'अचल' करणार नाही असं वचन दिलं. बायकोच्या पायाला हात लावणारा त्यांच्या पिढीतला दुसरा पुरुष मी पाहिला नाही.

पावसाळा सरता सरता काकू गेल्या. सरांनी वचन हिवाळाभर पाळलं. न्हाणीचं पाणी कमी झालं आणि गवती चहाचं बेट वाळून गेलं. मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर फाटक उघडं आणि सर झाडाखाली उभे. पायावरून मुंग्यांची रांग चढून पलीकडे उतरत होती. किती वेळचे उभे होते देव जाणे. सूर्य डोक्यावर होता म्हणूनच असेल, पण मला त्यांची सावली दिसली नाही. मी "सर" म्हणून ओरडले, हात लावला. हात गार होता, त्या उन्हात. मग मी स्वयंपाकघरात पळाले, गॅसवर पातेलं ठेवलं, मुद्दाम बशा वाजवल्या आणि काकूंच्या आवाजात, जमेल तशी, हाक मारली. "अजी, चहा झाला. या आता."

चहा उतू गेला. मी पुन्हा ठेवला, पुन्हा हाक मारली. वळून पाहिलं तर सर खाटेवर होते.

त्यांनी कप घेतला. "आज दोघी बोलावून राह्यल्या होत्या," ते म्हणाले. "कोनाच्या मागं येऊ, समजेना."

"दोघी कोण?"

"एक तू." त्यांनी घोट घेतला. "साखर जास्त झाली तुह्यी."

त्या दिवशी निघताना त्यांनी पेटी माझ्या रिक्षात ठेवली आणि क्रम पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणून घेतला. आंबा, पहिला, पूर, लग्नानंतरचे, शेवटी गुहा. "तू आनला तो अंक पोरीईले देऊ नको. गुहेपाशीच थांबव. मंग इचार त्याईले, आता याले कसं आनायचं?"

शाळेच्या मैदानावर मी आता तेच करते. मुली कॉमिक वाचतात, मग डोकं खाजवतात. कोणी म्हणते त्याच्या आईले फोन लावा, कोणी म्हणते पाणी मारा तोंडावर. परवा पाचवीतली एक जण वैतागून म्हणाली, "मॅडम, जेवाले बोलवा नं त्याले. उपाशी असन तो." मी तिला आधी घरी पाठवलं आणि मग डोळे पुसले.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पेटी दिली त्याच्या पुढच्याच रविवारी. ते झाडाखाली नव्हते. खाटेच्या काठावर बसले होते, एक पाय चपलेत, दुसरा चपलेजवळ, एक हात गुडघ्यावर दाबलेला, मान स्वयंपाकघराकडे वळलेली. इतकी वर्षं पाहिलेल्या माणसाचं मधलं मला पहिल्यांदा दिसलं. निघताना ते असे दिसायचे तर. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता. अंग केव्हाच थंड झालं होतं.

स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता, पातेली पालथी होती, आणि घरभर गवती चहाचा वास होता. शेजारून आला असेल. भर दुपारी त्या उन्हात शेजारी कोण चहा करत होतं, हे मी कोणाला विचारलेलं नाही.