चार घरांत एकच मॉस्को

आमच्या गच्चीवर डिश उभी राहिली तेव्हा आईनं शेजारणींना सांगून ठेवलं की ती पापड वाळवायची जाळी आहे. कोणाचा विश्वास बसला नाही. जाळी आठ फुटांची होती, टोपलीसारखी खोलगट होती आणि तिच्यावर पापड ठेवला असता तर घसरत थेट मधोमध गेला असता. पण अशा डिशला परवाना लागतो असं कोणीतरी म्हटलं होतं, म्हणून पापड.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. माझ्या मोठ्या भावाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दादानं इतवारी बाजारातून खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आणली, वेल्डिंगवाल्याकडून सळ्या वाकवून घेतल्या आणि उपग्रहाचं चित्र पकडणारा रिसीव्हर मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून मिळवला. त्याला परदेशातलं क्रिकेट बघायचं होतं. पंधरा दिवस गच्चीवर ती जाळी तसूतसूनं फिरवल्यावर एका दुपारी चित्र आलं, आणि त्यात फरची टोपी घातलेला एक माणूस बर्फात उभा राहून काहीतरी सांगत होता. बाहेर मे महिना होता, कूलरमध्ये पाणी घालून घालून हात दुखत होते. दादानं दोन दिवस आणखी प्रयत्न केला. रशियाशिवाय काही आलं नाही.

तरी गल्लीत बातमी फुटली. समोरच्या काकूंना वायर पाहिजे होती, बाजूच्या शिंप्यालाही, त्याच्या पलीकडच्यांनाही. दादानं एक बूस्टर लावला आणि आमच्या गच्चीवरून तीन घरांत केबल सोडली. ती कपड्यांच्या दोरीवरून निघायची, पेरूच्या झाडाच्या फांदीला वळसा घालायची आणि काकूंच्या घरात कूलरच्या खिडकीतून शिरायची. रिसीव्हर एकच, त्यामुळे आमच्या घरी जे लागेल ते चारही घरांत दिसायचं.

दिसायचं, पण समजायचं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला एक मालिका लागे. तिच्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी होती, लांब वेणीची एक तरुण बाई होती आणि एक मिशीवाला माणूस होता. तिघं सारखी चहा पीत आणि बोलत. आता माझं एक पाप सांगते. एम.ए. करताना मी तीन महिने रशियन भाषेचा वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र आईनं काचेत लावून बैठकीत टांगलं होतं. काकूंनी ते पाहिलेलं होतं. झालं, तीन घरच्या बायका दुपारी आमच्याकडे येऊन बसू लागल्या आणि मी अर्थ सांगू लागले. ज्या केबलसाठी एवढा खटाटोप केला ती नुसतीच लोंबकळत राहिली.

दादाला ते पाहवलं नाही. त्यानं लग्नकार्यात भाड्यानं देतात तसला एक माइक आणला आणि रिसीव्हरला एक खटका बसवला. खटका वर केला की मॉस्कोचा आवाज, खाली केला की माझा. बायकांनी आपापल्या घरी, आपापल्या कूलरसमोर बसावं आणि मी आमच्या बैठकीतून बोलावं, अशी व्यवस्था झाली.

पहिले दोन दिवस मी प्रामाणिक होते. मला कळत होते ते शब्द सांगितले: हो, नाही, चहा, उद्या, आई. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईनं खिडकीतून विचारलं की तुमच्या रशियात लोक एवढंच बोलतात का वं. मला राग आला आणि त्या रागात मी म्हातारीला त्या तरुण बाईची सासू करून टाकलं. तिथून पुढे थांबणं शक्य नव्हतं. म्हातारी ओठ हलवायला लागली की मी गल्लीतलं काहीतरी तिच्या तोंडी घालायची. मिशीवाल्याला मी सासरा केलं. काकूंच्या नवऱ्याला साखरेचा त्रास होता, धंतोलीच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि तरी ते रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्यानं बालुशाही खात. मी त्यांना पाहिलं होतं. एका दुपारी मिशीवाला गोठ्याच्या आड उभा राहून काहीतरी चघळत होता, तर मी सांगून टाकलं की वैद्यानं गोड बंद केलंय आणि हा चोरून खाऊन राहिला. त्या संध्याकाळी काकूंच्या घरून बराच आवाज आला. दुसऱ्या दिवशी काकांनी मला नळाशी गाठलं आणि हळूच म्हणाले, "त्या रशियनले म्हणा, मी दुकान बदलवलं. आता नवीन दुकान दाखवू नको."

काकूंची सून उमरेडकडची, विणकर घरातली. वर्ष झालं होतं लग्नाला. ती फारसं बोलायची नाही. एके सकाळी मी डिशवरचे कावळे हाकलत होते, तर ती वाळवण घेऊन त्यांच्या गच्चीवर आली आणि कठड्याशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, तुमच्या त्या सुनेले नोकरीची चिठ्ठी येऊ शकते का?"

मी विचारलं, कसली नोकरी.

"मास्तरणीची. गावाबाहेरची. बसनं जावं लागते."

तिचं बी.एड. झालेलं होतं. खाप्याच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं होतं, पत्र येऊन आठ दिवस झाले होते, आणि काकूंनी ते वाचून फडताळात ठेवून दिलं होतं. घरची सून रोज एसटीनं जाणं-येणं करणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. नवरा आईपुढे गप्प होता. मी तिला म्हटलं, बघते. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मॉस्कोवर माझं राज्य होतं ना.

पण पडद्यावर चिठ्ठी आली पाहिजे होती. दोन दिवस ती तिघं बटाटे सोलत बसली. मी त्यांच्याकडून शाळेच्या गोष्टी वदवून घेतल्या, वेणीवालीला फार हुशार ठरवलं. मुलाखतीला पाच दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी दार वाजलं आणि टपालवालीनं म्हातारीच्या हातात पाकीट ठेवलं. मी माइक घट्ट धरला. म्हातारीनं ते फोडलं, वाचलं, स्टुलावर बसली आणि रडायला लागली. अशी रडली की थांबेचना. मला तिला आनंदानं हो म्हणायला लावायचं होतं आणि ही तर डोक्याच्या रुमालात तोंड घालून हमसत होती. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले की सासू रडते आहे, कारण तरुणपणी तिलाही अशीच चिठ्ठी आली होती आणि तिच्या सासूनं ती चुलीत घातली होती.

एरवी कार्यक्रम संपल्यावर पुढचं विचारायला येणाऱ्या काकू त्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, पायरीवर बसल्या आणि विचारलं, त्या म्हातारीचं खरंच तसं झालं होतं का. मी हो म्हटलं. मग त्यांनी आईला सांगितलं की सातवी झाल्यावर त्यांनाही मास्तरणीचं बोलावणं आलं होतं, सासऱ्यानं नाही म्हटलं. हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. मी आत जाऊन उगाच भांडी आवरत बसले. त्या क्षणापर्यंत हा सगळा माझा खेळ होता.

त्याच दिवशी काकूंचा भाऊ भिलाईहून आला. पोलादाच्या कारखान्यात त्याची उमर गेली होती, रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली. सून आमच्या मागच्या दारानं धावत आली आणि एवढंच बोलली, "ताई, मामांले रशियन येते." तिच्या मागोमाग मामा पुढच्या दारानं आलेच. काकूंनीच मोठ्या कौतुकानं पाठवलं होतं, आमची पोरगी कशी अर्थ सांगते ते जवळ बसून बघ म्हणून. आईनं त्यांना माझ्या बाजूला खुर्ची दिली. त्यांनी हसून मला रशियनमध्ये काहीतरी विचारलं. मी म्हटलं, स्पासिबो. म्हणजे धन्यवाद. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

चित्र सुरू झालं. म्हातारीनं एका तरुण शिपायाच्या फोटोपुढे ते पाकीट ठेवलं आणि मेणबत्ती लावली. मी सांगितलं की नोकरीच्या चिठ्ठीला कुलदैवताचा आशीर्वाद घेऊन राहिली. मामा पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तो तिचा मुलगा आहे. लढाईत गेला. चिठ्ठी तो गेल्याची आहे. आणि ही त्या मुलीची सासू नाही, घरमालकीण आहे."

हळू आवाजात म्हणाले खरे, पण माइक त्यांच्या हनुवटीखाली होता आणि खटका खाली होता. चारही घरांत ते गेलं. मला वाटलं, आता त्या पाकिटाबरोबर खाप्याचंही पत्र गेलं.

काकू रस्ता ओलांडून आल्या. चपला घातल्या नव्हत्या, तापलेल्या डांबरावरून तशाच. दारात उभ्या राहून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या प्रमाणपत्राकडे, मग भावाकडे.

"तुले रशियन येते," त्या म्हणाल्या, "पण बाईमाणूस काहून रडते ते नाही येत. उठ तिथून. तिले बोलू दे."

मामा उठले. मी माइक घेतला, पण नजर मामांवरच होती. तेव्हा काकूंनीच माझ्या बाजूला बसून मला ढोसलं की सांग, सून कधी निघते. मी सांगितलं, सोमवारी. मुलाखत सोमवारीच होती.

सोमवारी सकाळी काकू सुनेला घेऊन स्वतः खाप्याच्या एसटीत बसल्या. मामाही गेले, डबा सांभाळायला. नोकरी लागली. जाणं-येणं आठ वर्षं चाललं, आणि सुनेचं पहिलं बाळंतपण होईपर्यंत संध्याकाळची भाकरी काकूंनी टाकली. मला त्या कधीही खोटारडी म्हणाल्या नाहीत, फक्त आईला सांगितलं की ते प्रमाणपत्र जरा आतल्या खोलीत लावा.

जूनमधल्या एका वादळानं डिश उडवून शिंप्याच्या कौलांवर टाकली आणि मॉस्को बंद झालं. दादानं जाळी सरळ करून कोंबड्यावाल्याला देऊन टाकली. काकू मात्र दुपारी कामं आटोपून येत, मेथी निवडायला घेत आणि विचारत, पुढं काय झालं वं. चित्र नाही म्हटलं तर म्हणत, चित्र होतं तेव्हा तू कुठं पाहून सांगत होती. मग मी सांगायची. पंधरा दिवस सांगितलं. त्या सुनेची बदली केली, तिला बढती दिली. शेवटी सासूला तिच्या शाळेत पाहुणी म्हणून नेलं, तेव्हा काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या की त्या म्हातारीले लुगडं चांगलं नेसवून ने, शाळेत जायचं आहे.