दोन जमावांच्या मधे बसलेला माणूस

शाळा सोडून परगावी गेलेल्या माझ्या मुलांनो, रेव्हरंड एडमंड गेल्याची बातमी दवाखान्याच्या कंपाउंडरने आणली. "बाई, पाद्रीबाबा गेले. डोक्यातला घाव काय भरला न्हाई." त्याला महिना होऊन गेला, तरी तुम्हांला हे लिहायला मन धजत नव्हतं...

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर काढली, तिथल्या भाषांचा अभ्यास केला आणि म्हातारपणी संगमनेरजवळच्या आपल्या या गावी मिशनच्या बंगलीत राहायला आले. त्यांना मराठी मी शिकवायची, असं ठरलं होतं. पण कुठलीही भाषा ते आधी लोकांच्या भांडणांतून शिकत. विहिरीवरून परतले की विचारत, "बाई, 'तुजा मुडदा बशिवला' म्हणजे नक्की काय बसवतात?" मी हसले की तेही हसत. मग सांगत, बेटावर दोन टोळ्या भाले घेऊन समोरासमोर आल्या की एखादं वडीलधारं माणूस मधे मांडी घालून बसतं. बसलेल्या माणसावरून शस्त्र फेकायचं नाही, असा तिथला रिवाज. तो पाळलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

यंदाच्या दुष्काळात पाणी उरलं ते फक्त वरच्या आळीच्या विहिरीत. ख्रिस्तवाड्यातली सरूबाई तिथे घागर घेऊन गेली; घरी सून तापाने फणफणत होती. "तुमची हीर आटली त्यात आमचा काय गुन्हा? व्हय मागं!" म्हणत एकाने तिला ढकलून पाडलं. तिचा मुलगा धावून आला, तर त्याला काठ्यांनी झोडपलं. पुढचे दात पडले. मग दोन्हीकडून दगड सुटले. कुणाचं कपाळ फुटलं, कुणाचं मनगट मोडलं... मी शाळेच्या ओट्यावरून ओरडत होते. तेवढ्यात रेव्हरंड आले आणि दोन्ही जमावांच्या मधोमध शांतपणे मांडी घालून बसले. "उठा! इथे हे कुणाला ठाऊक नाही!" मी इंग्रजीत किंचाळले. त्यांनी मला हातानेच गप्प केलं. पुढचा दगड त्यांच्या कानशिलावर बसला. कुठल्या बाजूचा, ते आजही कुणी बोलत नाही.

परवा विहिरीवर पुन्हा जुंपली. काठ्या निघाल्या. सरूबाईने घागर मुलाच्या हाती दिली आणि धुळीत मांडी घातली. "मारा की! त्या म्हाताऱ्याला मारलं तसं मारा!" पोरं दगड घेऊन उभी... तेवढ्यात वरच्या आळीतली एक म्हातारी पुढे झाली. "सर गं जरा," म्हणाली आणि तिला खेटून बसली. काठ्या कुणी खाली ठेवल्या नाहीत. पण हातही उठला नाही, आणि सरूबाईच्या मुलाने सगळ्यांच्या देखत पोहरा विहिरीत सोडला.